जोडउत्पन्नासाठी डिजिटल वस्तू: रीलचं बंडल, प्लॅनर की सोसायटीचं एक्सेल?

ताळेबंद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. लेक अकरावीत गेली, क्लासची फी ऐकून डोळे पांढरे झाले, तेव्हा पगाराला काहीतरी जोड हवी आहे. डबे, शिकवण्या, पार्लर यातलं काही वेळेत बसत नाही. मी घरी येते तीच साडेसातला. एकदा बनवलं की पुन्हापुन्हा विकता येईल असं काही, म्हणजे डिजिटल वस्तू, डोक्यात आहे. महिन्याला चार-पाच हजार सुटले तरी पुष्कळ.

डोळ्यासमोर तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे इन्स्टावर हल्ली उठसूट दिसतं ते 'दहा हजार रील, पाच हजार ई-बुक' बंडल, रिसेल राइट्ससकट. ९९ रुपयांना घ्या आणि तुम्हीही विका. दुसरं, कॅनव्हा या डिझाइनच्या साइटवर मराठी प्लॅनर: सणवार, संकष्टी, किराणा, हप्ते, भिशी असं सगळं. तिसरं जरा रुक्ष आहे. आमच्या सोसायटीचा (२४ फ्लॅट) मेंटेनन्सचा हिशेब मी एक्सेलमध्ये बसवलाय. बिलं, पावत्या, थकबाकी सगळं त्यातून निघतं. आजूबाजूच्या सोसायट्यांचे खजिनदार ती फाइल मागून नेतात. पण मागून नेणं वेगळं आणि पैसे मोजणं वेगळं.

ज्यांनी खरंच काही विकलंय त्यांनी सांगा. 'आधी मार्केट रिसर्च करा' हे मला यूट्यूबने सांगून झालंय.

आडकित्ता

मराठी माणूस पीडीएफला पैसे देत नाही. एकीने घेतली की संध्याकाळच्या आत 'माहेरच्या मैत्रिणी' ग्रुपवर फिरते. तरी शुभेच्छा.

सुईदोरा

आडकित्ता, देतो हो. त्यातून त्याला चार पैसे मिळणार असतील तर नक्की देतो.

मी इचलकरंजीची. ब्लाउजचे कटिंग पॅटर्न विकते: चार टक्सचा साधा, कटोरी आणि प्रिन्सेस कट, ३२ ते ४० छातीपर्यंत. पीडीएफ घ्यायची, ए-फोर कागदावर छापायची, पानं खुणांवर खुणा जुळवून चिकटवायची आणि कापायचं. घेणाऱ्या बायका बहुतेक शिवणक्लास केलेल्या. शिलाई उत्तम येते, पण गिऱ्हाइकाच्या महागड्या कापडाला कात्री लावताना हात थरथरतो. त्यांना माझे १४९ रुपये पहिल्याच ब्लाउजच्या शिलाईत सुटतात. हौसेने घेणारी दहादा विचार करते, धंद्यासाठी घेणारी फार विचार करत नाही.

आता फॉरवर्डचं. फिरते, नाही म्हणत नाही. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात घेणारीचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे छापून देते. आपल्या नावाची फाइल ग्रुपवर टाकायला बाईमाणूस जरा कचरतं. तेवढाच आळा.

पण ताळेबंद ताई, तुम्हाला सांगायची गोष्ट ही नाही. माझा पहिला पॅटर्न विकायला लागल्यावर फोनच फोन. "ताई, मुंढा काचतोय." "ताई, कटोरी लहान आली." पॅटर्न बरोबर होता. झेरॉक्सवाले 'फिट टू पेज'वर छापत होते. त्यात पान दोन-तीन टक्क्यांनी आकसतं. तीन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ३८ छातीला ते इंचापेक्षा जास्त होतं, आणि ब्लाउजात एक इंच म्हणजे हुक लागणार की नाही इतका फरक. मग मी पहिल्या पानावर फक्त ५ सेंटिमीटरचा चौकोन ठेवला. खाली ठळक: 'आधी हे एकच पान छापा. पट्टीने मोजा. ५ भरले तरच पुढची पानं.' शिवाय झेरॉक्सवाल्याला दाखवायला छोटा व्हिडिओ, 'ॲक्च्युअल साइज' कुठे दाबायचं ते. फोन एकदम कमी झाले.

तेव्हा माझं सरळ मत. काय जास्त खपेल हे आधी बघू नका. विकल्यावर तुम्हाला किती फोन येतील ते बघा. नोकरी सांभाळून करणार आहात ना? मग १४९ रुपयांसाठी अर्धा तास फोनवर बोलणं परवडणार नाही.

उद्योगिनी_२४

बंडलबद्दल सगळे नाकं मुरडतात, पण मी विकते आणि चालतं. बनवायला वेळ लागत नाही, फोनही येत नाहीत. लिंक दिली, संपलं. सुईदोरा ताईंच्या नियमात तर माझंच प्रॉडक्ट पास होतं :)

आडकित्ता

फोन येत नाहीत कारण घेणारा ते उघडूनच बघत नाही.

जमाखर्ची

आडकित्ता, जरा सबुरीने. उद्योगिनी ताई, टोमणा नाही, खरंच विचारतो. त्या दहा हजार रील मुळात कुणी काढल्या? कॉपीराइट ज्याने व्हिडिओ बनवला त्याचा असतो. ज्याच्याकडे हक्कच नाही त्याने 'रिसेल राइट्स' असा कागद दिला, तरी त्या कागदाने काही हस्तांतरित होत नाही. बंडलांत सर्रास दुसऱ्यांच्या चॅनेलवरून उतरवलेले तुकडे असतात, खाली वॉटरमार्क पुसल्याचा डाग दिसतो. मूळ मालकाने तक्रार केली तर पेज तुमचं बंद होतं, बंडल विकणाऱ्याचं नाही.

आणि धंदा म्हणून बघा. तुमचं प्रत्येक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तुमचा स्पर्धक होतं, कारण राइट्स तुम्हीच दिलेत. मग ९९ चे ४९ आणि ४९ चे १९ होणारच.

उद्योगिनी_२४

भाव पडलाय हे खरं. आणि जाहिरातीला बरेच जातात, तेही खरं. पण सुरुवातीला हात बसायला बरं पडतं, जाहिरात कशी लावायची ते कळतं. रील सोडून ई-बुकांचं बंडल ठेवलं तर चालेल का?

जमाखर्ची

त्याचंही तेच. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ च्या जानेवारीपासून मुक्त झालं. ते तुम्ही स्वतः टाइप करून, नीट संपादून, वाचून रेकॉर्ड करून विकू शकता. पण अलीकडच्या लेखकाची स्कॅन केलेली पुस्तकं बंडलात घालून विकणं ही सरळ चोरी आहे. दुसऱ्याने केलेला नवा अनुवाद किंवा प्रस्तावना असेल तर त्याचा हक्क वेगळा, तेही लक्षात ठेवा.

कुंपणावरचा

प्लॅनरचं कुणी केलंय का? मलाही तेच करायचंय. दिसायला सुंदर होतं, बायको म्हणते सगळ्या घेतील.

ओलीसुकी

केलंय, दोन वर्षं. दिसायला सुंदर होतं हीच अडचण. इन्स्टावर सातशे हार्ट आणि विक्री अगदी हाताच्या बोटांवर.

तारखांचा प्लॅनर हा नाशवंत माल. डिसेंबरात विकला तर विकला, फेब्रुवारीत कुणी बघत नाही. गुढीपाडव्याला पुन्हा थोडा उठाव येतो, तेवढंच. त्यात मराठी प्लॅनर म्हटलं की लोक पंचांग मागतात. चतुर्थी कुठल्या दिवशी धरायची यावर पंचांगांचंच एकमत नसतं, आणि संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ मुंबईची वेगळी, नागपूरची वेगळी. भिंतीवरच्या कॅलेंडरातून उतरवावी तर ते दुसऱ्याचं काम. एक एकादशी चुकली की काकू लोक सोडत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

बिनतारखेचं काहीतरी केलं तर बरं. मी आता फक्त 'घरातल्या लग्नाची वही' ठेवलीय: आहेर कुणाचा काय आला, हॉल-केटरर-गुरुजींना दिलेले ॲडव्हान्स, रुखवताची यादी, मानपानाच्या साड्या. तारीख नाही, पंचांग नाही. तुळशीच्या लग्नानंतर खपायला लागते ती मे-जूनपर्यंत.

कॅनव्हाबद्दल दोन गोष्टी. त्यातलं चित्र जसंच्या तसं उचलून सुटं विकता येत नाही, स्वतःच्या डिझाइनचा भाग म्हणूनच चालतं. आणि एडिट होणारं टेम्प्लेट लिंकने देणार असाल तर त्यात प्रोमधले, म्हणजे पैसे भरून मिळणारे, घटक वापरू नका. घेणाऱ्याकडे फुकटचं खातं असलं की त्याला तिथे वॉटरमार्क दिसतो आणि मग तो तुम्हाला शिव्या घालतो.

परसबाग

मी न्यू जर्सीत असते, रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. विकणारी नाही, विकत घेणारी आहे, म्हणून लिहिते.

आमच्यासाठी देवनागरी गिरवण्याचे कागद एट्सी या विक्रीच्या साइटवर शोधायला गेलं की शेकड्याने मिळतात, पण बहुतेक हिंदीचे. ळ नसतो. ॲ आणि ऑ नसतात. ल आणि श हिंदी वळणाचे असतात, आणि पोरं आजीला पत्र लिहितात तेव्हा आजी विचारते, हा ल कुठून आणला? महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी अक्षरांची वळणं ठरवून दिली आहेत. तशी गिरवायची पानं, बाणांनी कुठून सुरुवात करायची ते दाखवून, कुणी नीट केली तर मी आजच्या आज घेईन आणि आमच्या शाळेतल्या बाकी शिक्षिकाही घेतील.

एक विनंती, कागद ए-फोर नको. इथल्या प्रिंटरात लेटर साइज असतो, साडेआठ बाय अकरा इंच. ए-फोर टाकला की खालची ओळ कापली जाते. दोन्ही मापात द्या.

ओलीसुकी

परसबाग, ल-श ची भानगड फॉन्टची असते. पुष्कळशा युनिकोड फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं आणि मराठी वळण आत दडलेलं असतं. भाषा 'मराठी' निवडली तरच बाहेर येतं, तेही सगळ्या फॉन्टमध्ये नाही. साध्या ऑनलाइन डिझाइनच्या साइटवर ती सोय मिळत नाही. ॲडोबीत करणार असाल तर 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' ही सोय लावल्याशिवाय जोडाक्षरं तुटतात. आणि फॉन्टचा परवाना वाचा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त', 'बलू' वगैरे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, त्यात बनवलेली वस्तू विकायला हरकत नाही. फक्त फॉन्टच सुटा विकता येत नाही. कुणाच्या पेनड्राइव्हवरून आलेला फॉन्ट मात्र वापरू नका.

मास्तर_पाटी

मुलांच्या वस्तूंचा विषय निघाला म्हणून. शिक्षक आहे, सराव संच काढायचो. अभ्यासक्रमावर टेकून काही करणार असाल तर पायाखालची जमीन सरकते हे धरून चाला. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीला नेली, तेव्हा लोकांचे तयार संच रातोरात रद्दीत गेले. शिवाय बालभारतीच्या पुस्तकातले धडे, चित्रं उचलून पीडीएफ करता येत नाही, कॉपीराइट मंडळाचा आहे. गिरवणं, पाढे, शुद्धलेखन यांना मात्र मरण नाही.

अवांतर: मी सरकारी शिक्षक नाही, खासगी क्लासवाला आहे. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ बघूनच यात पडावं. परवानगीशिवाय धंदा चालत नाही.

धातीधागे

फोंड्याहून. माझी वस्तू अगदीच वेगळी आहे, पण सुईदोरांच्या कसोटीला शंभर टक्के उतरते म्हणून सांगतो.

मी तबला शिकवतो आणि रियाजासाठी लेहरे, म्हणजे तबल्यामागे फिरत राहणाऱ्या धुना, विकतो. हार्मोनियमवर वाजवून घेतलेले, तीनताल, झपताल, रूपक, एकताल, प्रत्येक ताल तीन लयींत, काळी एक आणि पांढरी चार अशा पट्ट्यांत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांप्रमाणे संच केलेत: प्रवेशिकेचा वेगळा, मध्यमेचा वेगळा. फुकट ॲप आहेत, माहीत आहे. पण ॲपमध्ये लय सेट करून, ताल शोधून, राग निवडून बसण्यापेक्षा 'मध्यमा, झपताल, मध्य लय' अशी नाव दिलेली फाइल दाबली की मुलगा लगेच वाजवायला लागतो. पालक त्या सोयीचे पैसे देतात.

तीनताल जन्मभर सोळा मात्रांचाच राहणार, त्यामुळे अपडेट नाही. प्रश्न विचारण्यासारखं त्यात काही नाही. आलेली एकच तक्रार फाइलच्या आकाराची: दहा मिनिटांचा चांगल्या दर्जाचा एमपीथ्री २४ एमबीचा होतो, ईमेलला जेमतेम जातो. आता ड्राइव्हची लिंक देतो.

फक्त एक काम आधी केलं. चंद्रकंसचा लेहरा परंपरेचा, कुणा एकाचा नाही. पण वाजवलेलं रेकॉर्डिंग हार्मोनियमवाल्याचं. त्याला ठरवून मानधन दिलं आणि विक्रीचे हक्क मला दिल्याचं सहीनिशी लिहून घेतलं. मित्र असला तरी.

ताळेबंद

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. बंडल बाद. प्लॅनरही बाद, चंद्रोदयाच्या वेळांवरून भांडण नको.

सुईदोरा ताईंच्या कसोटीवर माझं एक्सेल मात्र नापास होईल असं वाटतं. फुकट नेलेल्यांचेच फोन येतात: "आमच्याकडे पाणीपट्टी वेगळी," "आमच्यात दोन विंग आहेत," "मोबाइलवर उघडत नाही." प्रत्येक सोसायटीची तऱ्हा वेगळी. मग प्रत्येकाला फाइल बदलून देत बसायचं तर ती नोकरीच झाली.

जमाखर्ची

ताई, मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो आणि आता सोसायट्यांच्या हिशेबांत बराच हात असतो. तऱ्हा वेगळी दिसते, पण सोसायटीच्या उपविधींमध्ये (बाय-लॉज) आकारणीची पद्धत ठरलेली आहे. सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. लिफ्टचा खर्च सारखा. पाणी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. अनेक सोसायट्या सगळंच चौरस फुटावर लावून मोकळ्या होतात आणि मग वार्षिक सभेत खुर्च्या फेकायची वेळ येते.

तुमच्या फाइलचं मोल तिथे आहे. आकडेमोड कुणीही करून देईल. 'उपविधींप्रमाणे आकारणी' हे खजिनदाराला सभेत ढालीसारखं वापरता येईल.

फोन कमी करायचे तर सगळे दर एका 'सेटिंग' पानावर आणा. सूत्रात एकही दर कोंबू नका. थकबाकीवरच्या व्याजाची कमाल मर्यादा उपविधींत २१ टक्के, सरळव्याजाने, अशी चालत आली आहे. उद्या ती बदलली तर खजिनदाराने एका खान्यातला आकडा बदलायचा, तुम्हाला फोन नाही. दोन विंगा, तीन दुकानं वगैरे ज्यांचं गुंतागुंतीचं आहे त्यांना विकूच नका. पहिल्याच ओळीत लिहा: '१० ते ४० फ्लॅट, एकच इमारत, दुकानं नाहीत.' मोठे कॉम्प्लेक्स तसेही ॲपवर गेलेत.

एफटू_एन्टर

एक्सेलवाला आलो. ताई, फाइलमध्ये मॅक्रो, म्हणजे आत बसवलेले छोटे प्रोग्राम, आहेत का? असतील तर काढा. २०२२ पासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलचे मॅक्रो ऑफिस आपोआप अडवतं, लाल पट्टी दिसली की खजिनदार काका घाबरतात. एक्सलुकअपचं सूत्रही नको, जुन्या ऑफिसात ते चालत नाही. इंडेक्स-मॅच ठेवा, गूगल शीट्समध्येही निमूट चालतं.

ताळेबंद

मॅक्रो एकच आहे, पावतीवर रक्कम अक्षरी लिहायला. तेच काढता येत नाहीये. 'एक हजार आठशे त्रेसष्ट फक्त' हे पावतीवर नसेल तर आमचे अध्यक्ष सही करत नाहीत.

एफटू_एन्टर

सोपं आहे. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहा-दहाचे टप्पे दिले की भागतं. मराठीत ते जमत नाही: एकोणसाठ, त्रेसष्ट, त्र्याऐंशी, नव्याण्णव, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. म्हणून लपवलेल्या पानावर १ ते ९९ शब्द सरळ ओळीने टाइप करून ठेवा. मग रकमेचे लाख, हजार, शेकडा आणि शेवटचे दोन आकडे वेगळे काढायचे, प्रत्येकाला त्या यादीतून शब्द आणायचा आणि जोडायचे. १८६३ म्हणजे हजाराच्या जागी १, शेकड्याला ८, शेवटी ६३. ज्या जागी शून्य येईल तिथला शब्द गाळायचा, एवढी एक अट. सूत्र लांबलचक होतं पण मॅक्रो लागत नाही. यादी टाइप केलीत की मोठ्या माणसाकडून तपासून घ्या, शाळेत इंग्रजी माध्यम असलेल्यांचं एकोणऐंशी आणि एकोणनव्वदमध्ये हमखास गडबडतं.

सुईदोरा

मग ताई, आता फोन कुठले उरले सांगा बघू? मोबाइलवर न उघडण्याचा. त्याला माझ्या चौकोनासारखं काहीतरी करा: विकण्याआधी एक फुकटची रिकामी फाइल डाउनलोड करायला द्या. ती उघडली, तीन आकडे भरून पावती निघाली, तरच पूर्ण फाइल घ्या म्हणावं. ज्याच्याकडे उघडत नाही तो आधीच गळतो.

कुंपणावरचा

भाव काय ठेवावा ताईंनी? ९९?

जमाखर्ची

छे. ९९ मुळीच नको. पैसे खजिनदाराच्या खिशातून जात नाहीत, सोसायटीच्या खात्यातून जातात. त्याला हवं असतं बिल, सोसायटीच्या नावाचं, व्हाउचरला लावण्यासारखं. ९९ चं बिल कमिटीपुढे ठेवायलाच त्याला अवघड वाटेल, ९९९ चं मंजूर होईल. दरवर्षी सुधारित फाइलला तीनशे. महिन्याला पाच सोसायट्या आल्या की तुमचे पाच हजार झाले, आणि पाच सोसायट्यांचे फोन झेपतात. ९९ ने पन्नास जणांचे घ्यावे लागतील.

वेळ म्हणाल तर मार्च ते मे. आर्थिक वर्ष संपतं, नवा खजिनदार जुन्याकडून वह्या घेतो आणि डोक्याला हात लावतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये पुन्हा एक लाट येईल. दिवाळीत कुणी फिरकणार नाही.

धातीधागे

पैसे घ्यायचं कसं करताय? मी गोव्याबाहेरच्यांना यूपीआय देतो, त्यात कटौती नाही, पण प्रत्येकाला लिंक हाताने पाठवावी लागते.

ओलीसुकी

पाच-दहा विक्रीपर्यंत यूपीआय आणि हाताने लिंक हेच बरं. वाढलं की रेझरपेसारखं पेमेंट पेज. साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ९९९ वर साडेतेवीस रुपयांच्या आसपास जातात. गमरोड या परदेशी विक्रीच्या साइटवर दहा टक्के अधिक प्रत्येक विक्रीमागे ५० सेंट. तीन डॉलरच्या वस्तूला ८० सेंट तिथेच गेले, कार्डाचा खर्च निराळा. परदेशी गिऱ्हाईक असेल तरच ते परवडतं. एट्सी प्रत्येक लिस्टिंगला २० सेंट घेतं, चार महिन्यांसाठी, आणि विक्रीवर साडेसहा टक्के. परसबाग यांच्यासारख्यांसाठी काही केलं तर तिकडे जा. पेपालने भारतातल्या भारतात व्यवहार २०२१ च्या एप्रिलपासून बंद केलेत, त्यामुळे देशी गिऱ्हाइकाला ती लिंक देऊ नका.

ताळेबंद

आणि कर? अकाउंट्सला असून विचारतेय, हसू नका. आमच्याकडे कंपनीचं बघतात, माझं स्वतःचं म्हणजे फॉर्म १६ आणि सहज, संपलं.

जमाखर्ची

सहजवर आता पाणी सोडा. धंद्याचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ चालत नाही. बहुधा सुगम, म्हणजे आयटीआर-४ लागेल. अनुमानित पद्धतीत डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवायची सोय आहे, पण तुमचा खर्च जवळजवळ काहीच नाही, तेव्हा खरा नफा असेल तो दाखवा. एक बारीक गोष्ट: पगारदार माणूस जुनी-नवी करपद्धत दरवर्षी बदलू शकतो. धंद्याचं उत्पन्न असलं की नव्यातून बाहेर पडून पुन्हा आत यायची संधी एकदाच. गृहकर्ज असेल तर आधी हिशेब करा.

जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची मर्यादा वर्षाला २० लाख. तुम्ही तिथे पोचलात तर आम्हाला पेढे द्या. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही, एवढं लक्षात ठेवा. काही जण रुबाबासाठी लावतात.

आणि नेमणूकपत्र काढून वाचा. 'अन्य व्यवसाय करणार नाही' असं कलम असेल तर एचआरला एक मेल टाकून परवानगी घ्या.

आडकित्ता

ठीक. मी शब्द थोडे मागे घेतो. पूर्ण नाही. आमच्या सोसायटीत १६ फ्लॅट आहेत आणि मी गेल्या सभेला गैरहजर होतो, तेव्हा खजिनदारपद माझ्या गळ्यात आलंय. फाइल कधी देताय?

ताळेबंद

हा हा. अक्षरी रकमेचं काम या शनिवार-रविवारी बसवते. चाचणीची फाइल इथेच धाग्यावर टाकेन, तुम्ही तुमच्या १६ फ्लॅटवर चालवून बघा. फुकट नाही हं, आधीच सांगते. चुका काढून दिल्यात तर पहिल्या सुधारित फाइलचे तीनशे माफ.

आडकित्ता

आमच्याकडे दोन फ्लॅट एकत्र करून एकाच मालकाने घेतलेत. सेवाशुल्क एकदा लावायचं की दोनदा?

जमाखर्ची

शेअर सर्टिफिकेटं दोन असतील तर दोनदा. मालक भांडायला येईल, तेव्हा सर्टिफिकेट आधी बघून घ्या.

परसबाग

आणि ळ कोण करतंय?

ओलीसुकी

मी. तुमच्या विचारपुशीत लिहिते, पानाचं माप आणि मुलांची वयं कळवा.